वळणावर मागं राहणारी गाडी

परत आल्यापासून कॉलनीतला जो तो विचारतो, "काय काय बघितलं मद्रासला?" समुद्र बघितला का, देवळं बघितली का, कांजीवरमच्या साड्या आणल्या का. समुद्र राहून गेला. साड्यांच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. मी तीन दिवस एक वळण बघितलं. चेन्नईच्या अलीकडे तासाभरावर मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. त्याच्या लांब सरळ पट्ट्याच्या आधी उजव्या हाताला जे वेगाचं वळण लागतं, त्याच्या जाळीला नाक लावून मी उभा होतो. ज्यांनी असली शर्यत टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही तुमच्यातलाच होतो. आणि त्या न पाहण्यातून माझ्या हातून जे झालं, तेही लिहिणार आहे. ते वगळून या प्रवासाचं वर्णन मला करता येणार नाही.

वाळूज

माझं वाळूजला फायबरचं वर्कशॉप आहे. बसचे पुढचे मागचे भाग, कूलरच्या बॉड्या, शाळांच्या घसरगुंड्या, असलं काम. युनूसभाई बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. साचा त्यांनी हाताळला की त्यातून निघालेल्या मालाला पुन्हा घासावं लागत नाही. माझी मुलगी केतकी तेवीस वर्षांची. चेन्नईला एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या संघाकडून शर्यतीची गाडी चालवते. एकाच माणसाची, उघड्या चाकांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी. ती आमच्या कामगारांशी जशी बोलते तशीच त्या गाडीशी बोलते, असं युनूसभाई म्हणतात. मला ते बघायला कधी वेळ झाला नव्हता. खरं म्हणजे मी वेळ काढला नव्हता.

शर्यतींच्या चित्रफिती मात्र ती पाठवायची आणि मी जेवताना फोनवर बघायचो. त्यात मला एकच गोष्ट दिसायची. सरळ रस्त्यावर ती पुढच्या गाडीच्या शेपटाला जाऊन भिडायची, आणि वळण आलं की तिच्यात आणि पुढच्या गाडीत अंतर पडायचं. दर वेळी. मला वाटायचं, पोरगी वळणावर कचरते.

आता आमचा नगर रोड बघा. वाळूजला नोकरी-धंदा करणारा प्रत्येक जण तीस तीस वर्षं त्या रस्त्यावर दुचाकी चालवतो. समोरून वारा असला की आम्ही काय करतो? ट्रकच्या मागं चिकटतो. वारा लागत नाही, पेट्रोल वाचतं, ट्रकच ओढून नेतो. हे ज्ञान वाळूजच्या हवेतच आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री फोन करून तेच मी तिला दिलं.

"वळणावर मागं का राहतीस तू?"

"पप्पा, तिथं जवळ नाही जाता येत."

"का नाही येत? मी ट्रकच्या मागं हात पुरंल एवढ्यावर चालवतो. चिकटून राह्यचं, तोच ओढून नेतो. भीती वाटत असंल तर तसं सांग. सोडून दे मग, उगं रांगेत शेवटची जायला कशाला जातीस?"

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच वेगाचं वळण. ती पुढच्या गाडीला चिकटली. गाडी वळलीच नाही, सरळ जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळली. कॉलरबोन मोडलं, गाडीचं तोंड चेचलं. मी विमानानं गेलो, दवाखान्यातच राहिलो, तिथूनच परत आलो. संघातल्या लोकांना, डॉक्टरला, तिच्या आईला तिनं एकच सांगितलं, "माझी चूक झाली." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी गप्प राहिलो. त्या गोष्टीला सात महिने झाले होते आणि मी अजून गप्पच होतो.

मग एक दिवस तिचा फोन आला. हाड जुळलंय, पुन्हा उतरतेय. गाडीच्या नाकाला लागतो तो पुढचा पंख तुम्ही बनवून द्याल का? नकाशा पाठवते.

आम्ही दोन पंख बनवले. पहिला वजनाला जास्त भरला, कारण युनूसभाईंचा हात सवयीनं फायबरच्या मॅटचा एक थर जास्त लावतो. "आपल्या रस्त्यांला लागतो, भाऊ," ते म्हणाले. तिथं आपले रस्ते नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा केला. तो इतका हलका झाला की एका हातावर तोलून ते वर्कशॉपभर फिरले. कुरिअरनं पाठवायचं ठरत होतं. मी म्हणालो, आपणच नेऊ.

विजापूर ओलांडल्यावर

पिकअपमध्ये गादी, गादीवर पंख, पंखावर युनूसभाईंच्या घरची वाकळ. बीड, सोलापूर मागं टाकलं आणि विजापूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंची काळी रानं बघत निघालो. रानं आपल्यासारखीच, फक्त पाट्यांची अक्षरं गोल झालेली. एका नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली. वाकळ उचलली आणि विचारात पडला.

"ये क्या है? हवाई जहाज का?"

"जहाज का नहीं साहब," युनूसभाई खाली उतरून म्हणाले. "उल्टा है. जहाज का पंख ऊपर उठाता. ये नीचे दबाता. गाड़ी ज़मीन कू चिपक के रैती."

"गाड़ी तो वैसे भी ज़मीन पे रहती है."

"दो सौ की स्पीड में मोड़ लेके देखो साहब, फिर बोलो."

पोलीस हसला. त्यानं पंखावर बोट फिरवलं, "फिनिशिंग अच्छा है" म्हणाला आणि जाऊ दिलं. युनूसभाई पुढं दहा मैल त्या एका वाक्यावर खूष होते.

मी मात्र त्या 'मोड़' शब्दापाशी अडकलो होतो. पंख गाडीला खाली दाबतो हे साचा बनवताना मला माहीत झालं होतं. समोरून येणारी हवा तो वर ढकलतो, त्या बदल्यात हवा त्याला खाली ढकलते, चाकं रस्ता घट्ट धरतात. वेग जेवढा जास्त, तेवढा दाब जास्त. पण माणसाला दोन गोष्टी वेगवेगळ्या माहीत असतात आणि वर्षानुवर्षं त्या एकमेकींना भेटत नाहीत. पंखाला हवा लागते, हे मला ठाऊक होतं. ट्रकच्या मागं हवा नसते, हेही ठाऊक होतं.

आंबूर

बेंगळुरूत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आंबूरला जेवायला थांबलो. हॉटेलमालक पांढऱ्या लुंगीतले, साठीचे. मी मोडक्या इंग्रजीत काही मागणार तोच युनूसभाई मालकांचं पोऱ्यांशी चाललेलं बोलणं ऐकून चमकले.

"तुम दखनी बोलते?"

"हौ तो! और क्या बोलेंगे?" मालक म्हणाले. "तुम काँ के?"

"औरंगाबाद."

त्याच क्षणी मी म्हणालो, "संभाजीनगर."

मालकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "एकीच गाड़ी में दो गाँव के लोगाँ?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. बाराशे किलोमीटरवर आपल्याच गल्लीतली बोली ऐकायला मिळेल असं कुणाला वाटेल? 'हौ', 'नक्को', 'काँ', सगळं जसंच्या तसं. बिर्याणी आली ती बारीक तांदळाची, सोबत आंबटसर वांग्याची भाजी. वांगं आणि बिर्याणी हे लग्न मी आधी कुठं पाहिलं नव्हतं, पण जमलेलं होतं. युनूसभाईंनी दोनदा घेतली आणि निघताना मालकांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "अच्छी है. मगर हमारा नान-खलिया खाते तो तुम ये दुकान बंद करते." मालकांनी पैसे घेताना हात जोडले. "आओ तो लेके आना."

शुक्रवार, ट्रॅक

केतकी फाटकापाशी उभी होती. केस कापलेले, डावा खांदा किंचित पुढं झुकलेला. तिनं आधी वाकळ उचलून पंख पाहिला, मग युनूसभाईंना, मग मला.

"चाचा, वजन?"

"सांगितलं त्याच्यापेक्षा चाळीस ग्रॅम कमी, बेटा."

"चाचा!" असं ओरडून तिनं त्यांना मिठीच मारली. मला म्हणाली, "प्रवास कसा झाला, पप्पा?" मी म्हणालो, "चांगला झाला." बावीस वर्षं ज्या माणसाला मी पगार देतो, त्याच्या वाट्याला आलेल्या त्या मिठीकडं मी बघत राहिलो. हेवा वाटला असं नाही म्हणता येणार. तो हिशेब बरोबर होता.

संघाचे प्रमुख मेकॅनिक सेल्वम पन्नाशीचे, बारीक, कपाळावर भस्माची रेघ. हिंदी तोडकंमोडकं, पण माणूस एक शब्द फुकट खर्च करत नाही. त्यांना पंखावर दोरे चिकटवायचे होते. हवा कुठून कशी जाते ते दिसावं म्हणून लोकरीचे बोटभर दोरे चिकटपट्टीनं लावतात आणि चालकाच्या डोक्याच्या वर छोटा कॅमेरा बसवतात. केतकीनं फोनवर लोकर आणायला सांगितलं होतं. युनूसभाईंनी खिशातून पिशवी काढली. त्यात रेशीम होतं, जांभळं, हिरवं, आंबा रंगाचं. त्यांची भाची पैठणला मागावर बसते, तिच्याकडचे उरलेले तुकडे.

"लोकर जड पडंल," ते म्हणाले. "रेशमाला फुंकर कळते."

सेल्वमनी एक दोरा तळहातावर ठेवून फुंकला आणि मान डोलावली. चाळीस-पन्नास दोरे लावले. शर्यतीची ती पिवळी गाडी पैठणीचे काठ लावून नटल्यासारखी दिसू लागली. शेजारच्या गॅरेजमधली पोरं फोटो काढून गेली.

केतकी आधी एकटी फिरली. मग ठरल्याप्रमाणे संघाची दुसरी गाडी पुढं आणि ती मागं, अशा तीन फेऱ्या. परत आल्यावर सेल्वमनी आम्हाला टीव्हीपुढं उभं केलं.

"सर, देखो. अकेला."

पडद्यावर सगळे दोरे मागं झोपलेले होते. तेल लावून विंचरलेल्या केसांसारखे, एका रेषेत.

"अब पीछे."

पुढची गाडी जवळ आली आणि दोरे बिथरले. काही उभे राहिले, काही उलटे झाले, काही गोल गोल फिरायला लागले. त्याच क्षणी वळण आलं. केतकीचे हात स्टिअरिंग फिरवत होते आणि गाडीचं नाक मात्र बाहेर बाहेर चाललं होतं, जसं काही ते हात तिचे नव्हतेच.

"आगे वाला गाड़ी हवा खराब करता. पीछे वाले का विंग भूखा रहता. दाब नहीं. टायर घिसता, गरम होता, पकड़ और कम होता." सेल्वमनी फीत मागं सरकवली. "स्ट्रेट में अच्छा. वही खराब हवा, रोकता नहीं, खींचता है. मोड़ में बुरा. इसलिए मोड़ में थोड़ा दूर रहना. डरने का नहीं, अक्कल का बात."

युनूसभाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "भाऊ, ट्रकच्या मागं दुचाकी चालती, कारण दुचाकीला पंख नाय."

त्यांना फोनबद्दल काही माहीत नव्हतं. ते फक्त एक कारागीर दुसऱ्याला सांगतो तसं सांगत होते. मी बाहेर आलो आणि टायरांच्या ढिगावर बसलो. सात महिने मला वाटत होतं की मी भित्र्या मुलीला उगाच भरीला घातलं. खरं त्याहून वाईट होतं. ती भित्री नव्हतीच. तिला तिचं काम येत होतं, मला येत नव्हतं, आणि मी माझ्या न येण्याला बापाचा आवाज दिला होता.

शनिवार

सकाळी इडली, वर तिळाच्या तेलात कालवलेली पूड. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीची लांबची बहीण. मी घरून आणलेले धपाटे काढले, तर संघातल्या पोरांनी दह्याशी खाऊन पाच मिनिटांत डबा पुसून दिला.

केतकीच्या आईनं नारळ दिला होता, गाडीपुढं फोडायला. मी तो घेऊन गॅरेजसमोरच्या डांबरावर वाकलो आणि सेल्वम एवढे जोरात ओरडले की नारळ माझ्या हातून निसटून घरंगळत गेला. करवंटीची कपची टायरला चिरू शकते, हे मला कसं सुचलं नाही? मग त्यांनीच तो उचलला, वर कापूर पेटवला, गाडीभोवती तीनदा ओवाळला आणि दूर भिंतीमागं नेऊन दगडावर आपटला. मी सवयीनं पुढं होऊन खोबऱ्याचे तुकडे गोळा केले आणि प्रसाद म्हणून वाटायला लागलो. कुणी हात पुढं करेना. सगळे माझ्याकडे घाबरून बघत होते.

"पप्पा, टाका ते," केतकी हसू दाबत म्हणाली. "इथं ही दृष्ट काढली. आख्ख्या ट्रॅकची नजर आहे त्याच्यात. तुम्ही ती वाटताय."

मी एक तुकडा आधीच खाल्ला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी एकेका फेरीची वेळ मोजून शर्यतीत गाड्यांची सुटायची जागा ठरली. केतकीला चौथी मिळाली. दुपारी ती एकटीच सावलीत ताक पीत बसली होती. आता बोलावं म्हणून मी जवळ गेलो. म्हणालो, "खांदा दुखतो का?" ती म्हणाली, "थंडीत." मी म्हणालो, "इथं कुठली आलीय थंडी." एवढं बोलून परत आलो. एवढाच माझा धीर.

रविवार

शर्यतीला अर्धा तास होता. गॅरेजमध्ये सगळे गोल करून उभे, सेल्वम मधोमध. त्यांनी कोण कुठं उभं राहायचं ते सांगितलं आणि शेवटी केतकीकडे बोट केलं.

"लास्ट टाइम जैसा नहीं. मैं सिखाया, फिर भी टू क्लोज़ गया. गाड़ी तोड़ा, हड्डी तोड़ा. तुम्हारा मिस्टेक. आज दिमाग से."

"येस सर," केतकी म्हणाली. खाली मान घालून. जे तिचं नव्हतं ते तिनं पुन्हा एकदा उचलून डोक्यावर घेतलं, आणि ते बघून माझ्यानं राहवलं नाही.

"सेल्वमसाहब, मिस्टेक उसका नहीं था. मेरा था. रेस के पहले रात को मैंने फोन पे बोला, तू डरती है, चिपक के चला. वो मेरे बोलने से गई. आपका सिखाया हुआ उसको याद था. मैंने भुलाया."

युनूसभाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. सेल्वम माझ्याकडं, मग केतकीकडं बघत राहिले. पण मला तिच्याच तोंडाकडं बघायचं होतं, आणि तिथं सुटका नव्हती. राग होता.

"पप्पा, आत्ता?" ती मराठीत म्हणाली. "सात महिने होते तुमच्याकडं. अर्ध्या तासात मला गाडीत बसायचंय. हे तुम्ही माझ्यासाठी सांगितलं का तुमच्यासाठी?"

तो प्रश्न मी वाळूजपर्यंत घेऊन आलोय.

"आणि एक ऐका. फोनवर तुम्ही होतात, स्टिअरिंगवर मी होते. माझा वाटा मला राहू द्या." तिनं डोक्यावर कापडी टोपडं ओढलं, त्यावर हेल्मेट चढवलं, काच खाली केली. आता तिचं तोंडही दिसेना.

युनूसभाईंनी माझा दंड धरला. "चला भाऊ. जाळीपाशी."

वाटेत ते एवढंच म्हणाले, "मला तरी सांगायचं व्हतं."

"लाज वाटली, युनूसभाई."

"व्हय. वाटायलाच पायजे." आणि पुढं चालताना त्यांनी माझा दंड सोडला नाही.

बारा फेऱ्यांची शर्यत. सुटतानाच केतकीनं एक गाडी मागं टाकली आणि तिसरी आली. पहिली गाडी लांब निघून गेली. दुसरी निळी, तिच्यामागं आमची पिवळी. सरळ पट्ट्यावर ती निळीच्या मागं अशी चिकटायची की दोन्हींची मिळून एकच गाडी वाटावी. आमच्या वळणाशी येताना मात्र अंतर. पुन्हा चिकट, पुन्हा अंतर. मी जाळी धरून उभा होतो आणि मनात एकच होतं, की मी याही खेपेला शर्यतीआधी तोंड उघडलंय. आता राग काढायला ती चिकटली तर? मला खोटं पाडायला, किंवा खरं पाडायला?

शेजारी एक गृहस्थ उभे होते, बेंगळुरूचे. निळी गाडी त्यांच्या मुलाची. भला माणूस, त्यांनी मला केळ्याचे वेफर्स दिले. मध्यावर केतकी आणखी मागं पडली. वळणावरच नाही, सगळीकडेच. दोघांत चांगलं पाच-सहा गाड्यांचं अंतर दिसायला लागलं. गृहस्थ हळहळून म्हणाले, "आपकी बेटी थोड़ा डर गई, लगता है. एक्सीडेंट के बाद होता है."

माझंच वाक्य परक्याच्या तोंडून आलं. मीही ते असंच सहज, जेवता जेवता म्हणालो असणार.

"डरी नहीं है," मी म्हणालो. "टायर ठंडे कर रही है. देखिए आप."

हे मी छातीठोकपणे बोललो, पण खरं सांगायचं तर ते मला त्याच क्षणी कळलं होतं. बोलता बोलता कळलं. ती रागात नव्हती. ती आम्हा सगळ्यांपासून फार लांब, आपल्या कामात होती.

दोन फेऱ्या तिनं तसंच अंतर ठेवलं. मग ते हळूहळू कमी होत गेलं. दहाव्या फेरीला दोन्ही गाड्या आमच्या वळणात आल्या. निळी नेहमीच्या रेषेत आत शिरली. केतकी तिच्या पाठीमागं नव्हतीच, अर्धी गाडी बाहेरच्या बाजूला होती. तिच्या पंखाला निळीची उष्टी हवा लागत नव्हती, स्वच्छ लागत होती. आणि तिची गाडी वळली. सरकली नाही, डगमगली नाही, रुळावरून गेल्यासारखी वळली. निळी अजून सावरत होती तेव्हा पिवळीनं वेग घेतलेला होता. सरळ पट्ट्यावर ती निळीच्या मागं घुसली, ओढ घेतली, आणि पट्ट्याच्या शेवटी बाहेर निघून पुढं गेली.

"गेली! गेली! गेली!" युनूसभाई जाळी हलवत ओरडत होते. "बेटा, निकल! निकल!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी माझ्या आयुष्यात हजार माल साच्यातून काढले, एकाही वेळी मला असं वाटलं नव्हतं. आमच्या वाळूजच्या पत्र्याखाली झालेला पंख होता तो, त्याचा अभिमान होताच. पण पंख काय, दुसऱ्या कुणीही बनवला असता. वाट बघणं तिचं होतं. ते तिला मी शिकवलं नव्हतं. माझ्यावर मात करून ती ते शिकली होती.

पुढच्या फेरीला निळी तिच्या मागं वळणात आली, रागानं अगदी जवळ. आणि निळीचं नाक तसंच बाहेर बाहेर गेलं, दोन चाकं मातीत उतरली, धूळ उडाली. पोरानं गाडी कशीबशी आत घेतली. गृहस्थांचा हात छातीवर गेला. मग ते फोन चाचपू लागले. "आज बोलता हूँ उसको, इतना पास..."

"मत बोलिए," मी त्यांचा हात धरला. "उसको मालूम है. आज कुछ मत बोलिए."

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं आणि फोन खिशात ठेवला.

केतकी दुसरी आली. पहिल्या गाडीला गाठायला फेऱ्या उरल्या नव्हत्या. लहानसा चषक मिळाला, फोटो झाले. सेल्वमनी माझा हात हातात घेऊन दाबला. ती घामानं चिंब, हेल्मेटनं गालांवर वळ उठलेले, गॅरेजच्या मागं जमिनीवरच पाय पसरून बसली होती. मी लांब उभा राहिलो. जवळ जायचा हक्क आपल्याला आहे का, हे ठरत नव्हतं. तिनं पाण्याची बाटली संपवली आणि शेजारच्या फरशीवर हात आपटला.

"बसा."

मी बसलो.

"तुम्ही वळणाला उभे होतात ना? मला आतून काही दिसत नाही, नुसतं निळं शेपूट. सांगा मला, बाहेरून काय दिसलं."

मी सांगायला लागलो. आठवेल तसं, सगळं. कुठल्या फेरीला किती अंतर होतं, निळी कुठं सरकत होती, तिची गाडी बाहेरच्या बाजूनं कशी आली. तिनं काय करायला पाहिजे होतं, हे मी कुठंही म्हणालो नाही. तशी वेळच आली नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच हसायची.

"आणि मग सहाव्या फेरीला," मी म्हणालो, "तू एकदम मागं पडलीस..."

"पडले नाही, राहिले. आणि सहाव्या नाही पप्पा. सातव्या."

"सातव्या," मी म्हणालो, आणि पुढं सांगू लागलो.